भाजलेला बटाटा, पंचेचाळीस वर्षं आणि ३७ बंद शटर: ‘स्पडयूलाइक’चं प्रकरण

पार्श्वभूमी

१९७४ साली ब्रिटनमध्ये दोन दुकानं उघडली. एक लंडनच्या आग्नेय भागात, वुलिचमध्ये. ते मॅकडोनाल्ड्सचं ब्रिटनमधलं पहिलं दुकान. दुसरं स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहरात, त्याचं नाव ‘स्पड-यू-लाइक’. इंग्रजी बोलीत ‘स्पड’ म्हणजे बटाटा, तेव्हा नावाचा अर्थ साधारण ‘तुम्हाला हवा तसा बटाटा’ असा घ्यायचा. पुढे मधल्या रेघा गळाल्या आणि ‘स्पडयूलाइक’ हे नाव रुळलं.

दोघांच्याही गल्ल्याला बटाट्याचा आधार होता. एकाने तो सोलून, लांब चिरून, उकळत्या तेलात टाकला. गिऱ्हाइकाने पैसे मोजेपर्यंत पुडी तयार. दुसऱ्याने तो अख्खा, सालासकट भट्टीत सरकवला आणि तासभर वाट पाहिली. पुढच्या पंचेचाळीस वर्षांत जे घडलं, त्यातलं बरंचसं या एका फरकातून आलं असं माझं मत आहे. इथे नावं फक्त सार्वजनिक नोंदीतली आहेत. दुकानांतली माणसं, व्यवस्थापक, जागामालक यांची नावं मुद्दामच दिलेली नाहीत.

भाजलेला बटाटा ब्रिटनला नवा नव्हता. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर पत्र्याच्या डब्यात गरम ठेवलेले बटाटे विकत. थंडीच्या दिवसांत लोक तो आधी हात शेकायला घ्यायचे आणि मग खायचे. आपल्याकडे शेतावरच्या शेकोटीत, राखेत पुरून रताळं भाजतात, जातकुळी तीच. घरी रविवारी ओव्हन तापलेलाच असतो म्हणून त्यात चार बटाटे टाकायचे, हेही तिथे जुनंच. नवी कल्पना एवढीच की भर बाजारपेठेत, काउंटरवर, दहा-पंधरा प्रकारच्या सारणांसकट फक्त हाच पदार्थ विकायचा.

पदार्थ कसा असतो ते जवळून पाहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बटाटा पाव किलोच्या आसपासचा, चांगला मोठा लागतो. भाजायला मारफोना, किंग एडवर्ड, मॅरिस पायपर असे वाण चालतात. तो स्वच्छ धुवायचा, सालीला काट्याने टोचे द्यायचे, नाहीतर आतल्या वाफेने फुटतो. मग २०० अंशांच्या भट्टीत तास-सव्वा तास. साल कुरकुरीत झाली की वरून फुलीसारखा छेद द्यायचा आणि दोन्ही हातांनी खालून दाबायचं, म्हणजे आतला पांढरा, रवाळ गर फुलासारखा वर येतो. त्यावर लोणी. लोणी विरघळायच्या आत किसलेलं चेडर चीज, टोमॅटोच्या रसातल्या बेक्ड बीन्स, ट्यूना-मका-मेयोनीज, कोलस्लॉ किंवा खिम्याची चिली. गर फुलला नसेल तर वर काहीही घाला, खाणाऱ्याला उकडलेल्या बटाट्याचा गोळाच लागतो.

पहिली वर्षं आणि वाढ

सुरुवातीलाच एका पिकावर अवलंबून राहण्याचा अर्थ कळला. १९७६ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये मोठा दुष्काळ पडला आणि बटाट्याचे भाव कडाडले. तरी धंदा टिकला, कारण एका बटाट्याच्या किमतीत बटाट्याचा वाटा तसा लहानच असतो. उरलेले पैसे भट्टी, माणसं, जागा आणि वरचं सारण यांत जातात.

पुढे ही साखळी ब्रिटिश स्कूल ऑफ मोटरिंग या गाडी चालवायला शिकवणाऱ्या कंपनीच्या पंखाखाली आली. गाडी शिकवणाऱ्यांनी बटाटे का विकावेत, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. त्या कंपनीचे प्रमुख अँथनी जेकब्स (हेच पुढे लिबरल डेमोक्रॅट पक्षातर्फे लॉर्ड झाले) यांच्या नावापुढे ड्रायव्हिंग स्कूल आणि बटाटे हे दोन्ही धंदे कायमचे जोडले गेले. वरवर विचित्र वाटलं तरी यात एक सूत्र होतं. गावोगावच्या मुख्य रस्त्यावर छोटी जागा घ्यायची, एकच सेवा एकाच पद्धतीने द्यायची आणि पाटी सगळीकडे तीच ठेवायची.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला काळही अनुकूल झाला. ब्रिटनमध्ये तंतुमय आहाराची लाट आली. कोंडा, कडधान्यं, सालासकट भाज्या खा आणि वजन कमी करा असं जो तो सांगू लागला. सालासकट बटाटा आणि त्यावर बीन्स हे त्या लाटेचं जणू चित्रच. फिश अँड चिप्सच्या तेलकट पुडीशेजारी हा पदार्थ पौष्टिक दिसायचा, लोण्याकडे काणाडोळा केला की झालं. शाकाहारी माणसालाही, आणि त्यात आपल्याकडून तिकडे गेलेली मंडळी आली, भर बाजारात गरम आणि पोटभर मिळणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक होती.

अडचण

अडचण एका रात्रीत आली नाही. तिच्या तीन बाजू आहेत आणि तिन्ही पहिल्या दिवसापासून पदार्थातच होत्या.

पहिली बाजू वेळेची. साडेबाराला रांग लागणार असेल तर बटाटे सव्वाअकराच्या आत भट्टीत गेले पाहिजेत. किती घालायचे हा रोजचा जुगार. कमी घातले तर सव्वाला ‘आणखी वीस मिनिटं लागतील’ असं सांगावं लागतं, आणि जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं कोणाकडेच नसतात. जास्त घातले तर उरलेले गरम कप्प्यात बसतात, साल चामड्यासारखी होते, गर ओलसर पडतो. पाऊस आला, ऊन पडलं, शेजारचं दुकान बंद झालं, सगळ्याने अंदाज चुकतो. उन्हाळ्यात तर कोणाला गरम बटाटा नकोच असतो. शिवाय धंद्याचे तास दिवसातून दोनच. सकाळी न्याहारीला कोणी भाजलेला बटाटा खात नाही, आणि रात्रीच्या जेवणाला बाहेर जाऊन खावा असाही तो पदार्थ नाही. भाडं मात्र चोवीस तासांचं.

दुसरी बाजू बसण्याची. इथे मला वडापाव आठवल्याशिवाय राहत नाही. तोही बटाटाच, तोही गरम, पण पावात बसवल्यावर तो एका हातात मावतो आणि दुसरा हात लोकलच्या दांडीला मोकळा राहतो. सारण घातलेला जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेल्या बटाट्याचं तिथलं नाव) खायला डबी, काटा, मांडी किंवा टेबल आणि दहा मिनिटं लागतात. पळत्या माणसाचं अन्न म्हणून दुकान उघडलं, पण पदार्थ बसून खायचा. म्हणजे बटाट्याबरोबर खुर्चीही विकायची, आणि मुख्य रस्त्यावर खुर्चीइतकी जागा महाग असते.

तिसरी बाजू कराची, आणि तिची चर्चा सगळ्यात कमी होते. ब्रिटनमध्ये १९८४ पर्यंत बाहेर नेण्यासाठी घेतलेल्या गरम खाण्यावर व्हॅट नव्हता. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी तो लावला आणि १ मेपासून १५ टक्के वसुली सुरू झाली. थंड सँडविच बाहेर नेलं तर कर शून्यच राहिला. पुढे व्हॅट १९९१ मध्ये साडेसतरा टक्के झाला आणि २०११ मध्ये २० टक्के. हिशोब करून पाहा. आजच्या दराने ६ पौंडांचा गरम बटाटा विकला तर त्यातला १ पौंड सरकारचा. शेजारच्या दुकानाने ६ पौंडांची थंड सँडविचं बांधून दिली तर सहाच्या सहा पौंड गल्ल्यात. बटाटा थंड करून विकता येत नाही. सँडविचवाल्याला मात्र गरम करायचं की नाही हे ठरवता येतं. प्रेट ही सँडविचची साखळी, सुपरमार्केटातली सँडविच-पेयाची जोडपाकिटं, ग्रेग्ज ही बेकरीची साखळी, ही मंडळी पुढच्या तीस वर्षांत त्या दोन तासांच्या रांगेवर बसली, आणि त्यांच्या मालातला बराच हिस्सा या कराबाहेर होता.

निर्णयाचे टप्पे आणि समोरचे पर्याय

आतल्या बैठकांत काय बोलणं झालं हा या लेखाचा विषय नाही. बाहेरून दिसणाऱ्या वाटा मांडतो आणि त्या त्या वेळी मालकाच्या खुर्चीत कोण काय म्हणालं असतं ते पाहतो.

१९८४ चा टप्पा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. कर लागला त्या दिवशी तीन वाटा होत्या. किंमत वाढवायची, नफा कमी करायचा किंवा माल बदलायचा. माल बदलायचा म्हणजे थंड सॅलड, सँडविच, गोड पदार्थ आणून कराच्या बाहेरचा हिस्सा वाढवायचा. त्यात धोका होता. पाटीवरच बटाटा असलेल्या दुकानात सँडविच कोण घेणार? आणि सँडविचच विकायचं तर ही साखळी हवी कशाला? एका पदार्थावर उभं राहण्यात जे बळ असतं तेच इथे पायातली बेडी झालं. साखळी बटाट्याला चिकटून राहिली. मी त्या खुर्चीत असतो तर बहुधा मीही तेच केलं असतं, कारण धंदा तेव्हा चालत होता आणि चालत्या गाडीचं चाक कोणी काढत नाही.

मॉलचा टप्पा नंतर आला. ब्रिटनचे मुख्य रस्ते हळूहळू ओस पडू लागले. २००८ च्या अखेरीस आणि २००९ च्या सुरुवातीला वूलवर्थ्स या जुन्या साखळीची दुकानं बंद झाली, २०१६ मध्ये बीएचएस ही डिपार्टमेंट स्टोअर्सची साखळी गेली. ज्या दुकानांसाठी लोक बाजारात यायचे तीच गेल्यावर शेजारच्या बटाट्याकडे कोण वळणार? बंद छताची मोठी खरेदी केंद्रं आणि त्यातले फूड कोर्ट हा वरवर चांगला तोडगा होता. खुर्च्यांचा प्रश्न सुटतो, कारण त्या सगळ्यांच्या सामाईक. गर्दी आयती. पण तिथे दहा पाट्या रांगेत असतात, भाडं मॉल ठरवतो, वर देखभालीचा आकार, आणि गिऱ्हाईक सगळं बघून मग नूडल्सच्या काउंटरकडे जातं. मुख्य रस्त्यावर ‘इथे गरम काय मिळतं’ या प्रश्नाला बटाटा हे उत्तर होतं. फूड कोर्टात त्या प्रश्नाची दहा उत्तरं असतात.

मधल्या काळात, २००३-०४ च्या सुमारास, कर्बोदकं टाळायची लाट आली. ऐंशीच्या दशकात ज्याने वजन उतरायचं त्यानेच आता वाढतं असं लोक म्हणू लागले. याने धंदा बुडाला असं म्हणणं अति होईल. पण ‘पौष्टिक’ ही जी ओळख फुकट मिळाली होती, ती तशीच फुकटात गेली. घरोघरी मायक्रोवेव्ह होताच, आणि पुढे गोठवलेले चिप्स विकणाऱ्या मॅकेन कंपनीने आधीच भाजून गोठवलेले बटाटे पेटीत घालून विकायला सुरुवात केली, पाच मिनिटांत तयार. ऑफिसच्या कॅन्टीनमध्येही जॅकेट पोटॅटो रोजचाच. ज्या पदार्थासाठी दुकानात जायचं तो आता कामाच्या टेबलापासून पन्नास पावलांवर होता.

जे केलं आणि जे घडलं

दशकाच्या शेवटी खर्च एकामागून एक चढले. एप्रिल २०१६ मध्ये नवीन किमान वेतन तासाला ७.२० पौंडांवर आलं, एप्रिल २०१९ मध्ये ते ८.२१ झालं. भट्टी सांभाळायला, बटाटे कापायला, सारण भरायला माणूस लागतोच, तिथे यंत्र चालत नाही. एप्रिल २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या दुकानांच्या स्थानिक कराचं फेरमूल्यांकन झालं. २०१८ चा उन्हाळा कोरडा गेला आणि बटाट्याचं पीक घटलं. यातला एकेक घाव सोसण्यासारखा होता, पण तीन वर्षांत सगळे एकाच अंगावर आले.

त्या काळात ब्रिटनमधल्या खानपान साखळ्यांची पडझड सुरू होती. २०१८ मध्ये प्रेझो, बायरन, कार्लुचीओज यांनी जागामालक आणि देणेकऱ्यांशी तडजोडी करून शाखा कमी केल्या. मे २०१९ मध्ये टीव्हीवरचे शेफ जेमी ऑलिव्हर यांची इटालियन साखळी कोसळली आणि सुमारे हजार माणसांच्या नोकऱ्या गेल्या. स्पडयूलाइकनेही भाडी खाली आणायचा प्रयत्न केला, पण त्यातून मार्ग निघाला नाही. विकत घेणाराही वेळेत मिळाला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये उरलेल्या सगळ्या ३७ शाखा बंद झाल्या आणि सुमारे ३०० माणसं घरी बसली.

एक गोष्ट मला राहून राहून टोचते. त्याच वर्षी जानेवारीत ग्रेग्जने मांसाशिवायचा सॉसेज रोल आणला आणि देशभर त्याचीच चर्चा झाली. टीव्हीवर वाद, दुकानांबाहेर रांगा. ग्रेग्जची विक्री २०१८ मध्ये पहिल्यांदा अब्ज पौंडांपलीकडे गेली होती आणि या रोलने ती आणखी वर ढकलली. इकडे बीन्स घातलेला, लोणी न लावलेला बटाटा म्हणजे पूर्ण वनस्पतीजन्य जेवण. हे जेवण या साखळीच्या काउंटरवर पहिल्यापासून होतं आणि ज्या वर्षी सारा देश तेच मागत होता त्याच वर्षी भट्ट्या विझल्या. माल तोच असतो, पण ‘हे तुमच्यासाठी आहे’ असं सांगायला तोंड लागतं. ग्रेग्जने सांगितलं. शिवाय ग्रेग्जकडे सकाळची कॉफी आणि न्याहारीचा रोल होता, म्हणजे त्यांचं भाडं सकाळी सातपासून वसूल व्हायला लागायचं.

निकाल

बंद पडल्यानंतर काही महिन्यांत ‘अल्बर्ट बार्टलेट’ या स्कॉटलंडच्या मोठ्या बटाटा कंपनीने हे नाव विकत घेतलं. ‘रूस्टर’ नावाचे लालसर बटाटे विकणारी ही कंपनी. पिकवणाऱ्याने दुकान घेतलं, म्हणजे साखळी उलट बाजूने जोडली गेली. कच्च्या मालाचा भाव आणि दर्जा हातात, वर टीव्हीवरचे शेफ जेम्स मार्टिन यांची साथ. पण आधी सांगितल्याप्रमाणे या धंद्यात बटाटा हा सगळ्यात स्वस्त घटक होता. जो खर्च बोचत होता तो भाड्याचा, पगाराचा आणि कराचा, आणि तिथे बटाटा पिकवणाऱ्याकडे वेगळं हत्यार नव्हतं. मध्ये कोविडची टाळेबंदी आली. नव्या रूपातली दुकानं जुन्या साखळीसारखी गावोगाव पसरली नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

लोक म्हणतात जाहिरात करायला हवी होती, सारणं नवी आणायला हवी होती. मला ते वरवरचं वाटतं. चिकन टिक्का घातला काय आणि कोळंबी घातली काय, भट्टीचा तास आणि खुर्चीचं भाडं बदलत नाही.

बदलता आलं असतं ते जागेचं गणित. लांब भाडेकरारांऐवजी स्टेशनावरच्या खिडक्या, बाजाराच्या दिवशी उभ्या राहणाऱ्या गाड्या, हिवाळ्यापुरती ठाणी. बटाटा हा थंडीचा पदार्थ आहे, मग जुलैचं भाडं कशाला भरायचं? दुसरं, एका मध्यवर्ती भट्टीत तीन चतुर्थांश भाजून शाखेत फक्त शेवटची वीस मिनिटं द्यायची, म्हणजे दुपारच्या अंदाजाचा जुगार निम्म्यावर येतो. साल थोडी मऊ पडेल, हा त्यातला तोटा. तिसरं, १९८४ नंतर लगेच कॅन्टीन, कॉलेजं, रुग्णालयांना माल पुरवायचा. लोक तिथे बटाटा खाणारच होते, तो कोणीतरी दुसऱ्याने भाजला.

हे सगळं मागे वळून सुचतं, त्याला फारशी किंमत नाही. आणि माझ्याच एका मुद्द्याला छेद देणारी गोष्टही घडली आहे. इंग्लंडच्या मध्य भागात टॅमवर्थ नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या चौकात ‘स्पडमॅन’ नावाने ओळखला जाणारा डोक्यावर गुलाबी केसांचा तुरा असलेला एक विक्रेता गाडीवर भाजलेले बटाटे विकतो आणि तो टिकटॉकवर प्रसिद्ध झाला. लोक लांबून गाड्या करून येतात, रांगेत उभे राहतात. प्रेस्टनमध्ये ‘स्पड ब्रदर्स’ची तीच कथा. सारणं तीच जुनी, चीज, बीन्स, ट्यूना.

खुर्ची नसेल तर हा बटाटा खपणार नाही, असं मी वर म्हटलं. त्या चौकात ना टेबल ना छप्पर, आणि डबी हातात धरून, थंडीत, वाफ तोंडावर घेत लोक खातात. म्हणजे खुर्चीची अट गिऱ्हाइकाने घातली नव्हती, की तेव्हा घातली होती आणि आता सोडली? मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही. एवढं मात्र दिसतं की गाडीवाल्याला दुपारी बटाटे संपले तर गाडी आवरून घरी जाता येतं. मॉलमधल्या दुकानाला बटाटे संपल्यावरही रात्री आठपर्यंत दिवे लावून बसावं लागायचं.